मामींच्या पाटल्या आणि दिल्लीची कमिटी

नमस्कार मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या सगळ्या श्रोत्यांना नमस्कार. आज बोलायचंय फौजी माणसाच्या औषधपाण्यावर आणि त्यावर संसद लक्ष कसं ठेवते त्यावर, पण आधी आमच्या मामांचं सांगतो.

मामा मराठा लाईट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झाले, गाव खानापूरकडं. तीन वर्षांमागं छातीत दुखाय लागलं, ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधपाण्याच्या सरकारी योजनेच्या पॉलिक्लिनिकमधनं रेफरल मिळाला, मग मी आणि मामी ईसीएचएसचं कार्ड घेऊन त्यांना पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी जोडलेल्या एका हॉस्पिटलात घेऊन गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, वरनं आमची बिलं थकल्यात, पन्नास हजार डिपॉझिट भरा. मामींनी हातातल्या पाटल्या काढून माझ्याकडं दिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी सोनाराकडं पळालो. आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

मामा बरे होऊन घरी आले आणि पहिल्यांदा वही मागितली. गार्ड ड्युटीचं रजिस्टर लिहावं तसं सगळं लिहिलं, किती वाजता कोण काय बोललं ते, रेफरलची झेरॉक्स, डिपॉझिटची पावती, पाटल्या गहाण ठेवल्याची चिठ्ठीसुद्धा जोडली, आणि सगळं एका पिशवीत घालून खासदारांच्या ऑफिसात. चार पानी अर्ज, मराठीत. तिथं कळलं, लोकसभेच्या याचिका समितीकडं जायचं तर हिंदी नाहीतर इंग्रजी भाषांतर जोडायला लागतं आणि त्यावर सही अर्जदाराचीच, नियमच तसा आहे. मी रात्रभर बसून हिंदी केलं. आणि जाता जाता सांगतो, पॉलिक्लिनिकमधल्या पाट्या मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत पाहिजेत की हो, साठ वर्षांच्या विधवा बाईनं काय वाचायचं तिथं?

पाच महिन्यांनी डिपॉझिट परत आलं, पाटल्या सुटल्या.

आता संसदेचं. संरक्षण खात्याची स्थायी समिती १९९३ पासून आहे, ३१ खासदार, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. बजेट मांडलं की ही समिती खात्याचा खर्च तपासते, त्यात ईसीएचएस पण येते, म्हणजे २००३ पासूनची माजी सैनिकांची योजना. समितीनं शिफारस केली की सरकारला तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. पण समितीसमोर खात्याचे अधिकारी बसतात, काउंटरवर उभी राहिलेली मामी नाही, ती तिथं पोचते ती कागदातनंच. म्हणून कागद जपा, तारीख लिहा. परत सांगतो, कागद जपा, तारीख लिहा. आणि इमर्जन्सीत पॅनेलवर नसलेल्या हॉस्पिटलात ॲडमिट झालात तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा, अठ्ठेचाळीस तास, विसरू नका.

मामांची पिशवी अजून खुंटीला आहे. परवा शेजारच्या हवालदारांच्या मिसेस आल्या होत्या, मामा त्यांना वहीचं पहिलं पान उघडून दाखवत होते.