तीन ट्रेड, तीन पिचर: ह्यूस्टनने रोटेशन कसं जमवलं

नमस्कार मंडळी, ३१ ऑगस्ट २०१७ ची रात्र, अमेरिकेत ईस्टर्न टाइमप्रमाणे बारा वाजायला काही सेकंद उरलेत, आणि बेसबॉलच्या डेट्रॉइट टायगर्सचा पिचर (बॉल टाकणारा) जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टन ॲस्ट्रोजला जातोय हे तेव्हा कुठे पक्कं होतं. बारा वाजून गेले असते तर त्या सीझनचा प्लेऑफ तो ॲस्ट्रोजकडून खेळूच शकला नसता. ट्रेडला (दोन टीममधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीला) नाही म्हणायचा हक्क त्याच्याकडे होता, कारण लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडे काढली की खेळाडूच्या मर्जीशिवाय त्याला हलवता येत नाही. म्हणजे दोन टीमचं जमलं तरी बाबा हो म्हणतोय का ही धाकधूक होतीच.

आज आपण बघणार आहोत की ट्रेड करून करून एक भारी पिचिंग रोटेशन कसं उभं करतात, आणि त्यासाठी ॲस्ट्रोजपेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. बरोबर उलटं उदाहरण पण आहे, पिट्सबर्गचं, ते ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण त्याच्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

आधी बेसिक गोष्ट पटकन, ज्यांना माहितीये त्यांनी मिनिटभर पुढे जा. बेसबॉलमध्ये मॅच सुरू करणारा पिचर म्हणजे स्टार्टर, तो शंभरच्या आसपास बॉल टाकतो आणि मग चार-पाच दिवस मॅचमध्ये उतरत नाही, म्हणून पाच स्टार्टर आळीपाळीने फिरवतात, हे झालं रोटेशन. सीझन १६२ मॅचचा, म्हणजे एकेकाच्या वाट्याला बत्तीस-तेहतीस मॅच येतात. पण ऑक्टोबरमधल्या प्लेऑफमध्ये मधे सुट्ट्या असतात, तिथे तीन-चार स्टार्टरवर भागतं, पाचवा बसतो. त्यामुळे सीझनभर तुमचे पाच जण ठीकठाक असले तरी चालतं पण ऑक्टोबरमध्ये वरचे दोन-तीन जबरदस्तच लागतात, आणि मोठ्या टीम पिचरच्या मागे एवढ्या का धावतात त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता किंमत कशात द्यायची? आयपीएलमध्ये हार्दिक गुजरातकडून मुंबईला आला तेव्हा तो सौदा पैशात झाला होता. इकडे तसं सहसा होत नाही, इकडे पोरं द्यावी लागतात. पोरं म्हणजे प्रॉस्पेक्ट, खालच्या मायनर लीगमध्ये खेळणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलं जी कदाचित उद्या स्टार होतील आणि कदाचित कुणाला नावही कळणार नाही. वर दुसरं एक चलन आहे, त्याला कंट्रोल म्हणतात. मेजर लीगमध्ये साधारण सहा वर्षांची सर्व्हिस होईपर्यंत खेळाडू फ्री एजंट (हवी ती टीम निवडायला मोकळा) होत नाही, टीमच्या ताब्यात असतो आणि बाजारभावापेक्षा बराच स्वस्त पडतो. म्हणून ट्रेडमध्ये लोक आधी विचारतात की हा किती वर्षं आपल्याकडे राहील, बॉल किती जोरात टाकतो हे त्यानंतर.

परत २०१७ ला येऊ. ॲस्ट्रोज आपल्या डिव्हिजनमध्ये (लीगमधल्या गटात) आरामात पुढे होते, पण ३१ जुलैच्या मुख्य डेडलाइनला त्यांनी फ्रान्सिस्को लिरियानो सोडून फारसं काही आणलं नाही आणि त्यांचाच स्टार पिचर डॅलस कायकल उघडपणे नाराजी बोलून गेला. मग ऑगस्टच्या शेवटी हरिकेन हार्वी आलं, शहर पाण्याखाली, टीमला घरच्या मॅच फ्लोरिडात जाऊन खेळाव्या लागल्या. त्याच आठवड्यात व्हर्लँडरचं जमलं.

का जमलं? कारण तेव्हा तो ३४ वर्षांचा होता, त्या वर्षी डेट्रॉइटकडे ईआरए ३.८२ (म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडणाऱ्या रन), आणि पुढच्या दोन वर्षांचा पगार वर्षाला २.८ कोटी डॉलर. बऱ्याच टीमना वाटलं म्हातारा होत आला, कोण घेणार एवढं लोढणं. टायगर्स तर सगळंच मोडून नव्याने बांधायला निघाले होते, त्यांनी त्यातले ८० लाख दर वर्षी आपण भरू असं कबूल केलं आणि बदल्यात तीन पोरं घेतली: पिचर फ्रँकलिन पेरेझ, कॅचर जेक रॉजर्स, आउटफिल्डर डॅझ कॅमेरॉन.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, ॲस्ट्रोजने काय दिलं नाही ते. काइल टकर दिला नाही आणि फॉरेस्ट व्हिटली दिला नाही, हे त्यांचे सगळ्यात चमकदार दोघं. टकर पुढे ऑल-स्टार (सीझनच्या निवडक सर्वोत्तमांपैकी एक) झाला, २०२२ च्या चॅम्पियन टीममध्ये होता. व्हिटली, ज्याला तेव्हा बेसबॉलमधल्या सगळ्यात भारी पिचिंग प्रॉस्पेक्टमध्ये धरायचे, तो इंजरीमध्ये अडकत अडकत मेजर लीगला पोचला थेट २०२४ मध्ये. म्हणजे जे जपून ठेवलं त्यातही एक लागला एक हुकला, आणि तिकडे डेट्रॉइटला पेरेझ खांद्याच्या दुखण्यात असा सापडला की टायगर्सकडून मेजर लीग खेळलाच नाही. पिचर प्रॉस्पेक्ट हा प्रकारच असा आहे, खांदा नाहीतर कोपर, कधी जाईल सांगता येत नाही, मी टीमचा मालक असतो तर बॅटिंगवाली पोरं ठेवून पिचरवाली आधी खपवली असती.

व्हर्लँडर आला आणि सप्टेंबरमध्ये पाच मॅचपैकी पाच जिंकला, ईआरए १.०६. ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्ध एका मॅचमध्ये अख्ख्या नऊ इनिंग, म्हणजे पूर्ण मॅच टाकून १३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट), त्या सिरीजचा एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, आणि मग वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, तीही टीमने जिंकली. हो, ठाऊक आहे, कमेंटमध्ये कचऱ्याचा डबा येणारच. त्या वर्षी ॲस्ट्रोजने कॅमेऱ्याने समोरच्या कॅचरच्या खुणा चोरल्या आणि कचऱ्याचा डबा वाजवून आपल्या बॅटरला कळवल्या, २०२० मध्ये चौकशी अहवाल आला, जनरल मॅनेजर आणि मॅनेजर दोघांची नोकरी गेली, त्या ट्रॉफीवर डाग आहे आणि तो राहणार. पण खुणा चोरल्याचा फायदा बॅटरला होतो, पिचरला नाही, आणि आपला विषय पिचर आहे.

दुसरा ट्रेड मला सगळ्यात आवडतो. १३ जानेवारी २०१८, पिट्सबर्ग पायरेट्सकडून गेरिट कोल. हा २०११ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) पहिल्या नंबरचा पिक, पण २०१७ मध्ये ईआरए ४.२६, ३१ होम रन दिलेले, कंट्रोल दोन वर्षं बाकी. ॲस्ट्रोजने दिले जो मसग्रोव्ह, मायकल फेलिझ, कॉलिन मोरान आणि जेसन मार्टिन. तेव्हा बऱ्याच लोकांनी दोन्हीकडून ठीक ट्रेड म्हणून सोडून दिलं.

पायरेट्सची तेव्हाची पद्धत अशी होती की बॉल खाली ठेवायचा, सिंकर (शेवटी खाली बुडणारा बॉल) टाकायचा, बॅटरला जमिनीवरून मारू द्यायचं आणि फील्डरने पकडायचं. ती पद्धत चुकीची नव्हती, काही पिचरना तिने करिअर परत मिळवून दिलंय, पण कोलकडे एवढ्या वेगाचा फोर-सीम फास्टबॉल (सरळ वेगवान बॉल) असताना त्याला सिंकर टाकायला लावणं म्हणजे काय बोलायचं. ह्यूस्टनने सिंकर जवळजवळ बंद केला, फास्टबॉल वर टाकायला सांगितला, ब्रेकिंग बॉल (वळणारे बॉल) वाढवले. २०१७ मध्ये २०३ इनिंगमध्ये १९६ स्ट्राइकआउट, २०१८ मध्ये २०० इनिंगमध्ये २७६. तोच हात, तोच माणूस, इनिंगही जवळपास तेवढ्याच. आणि २०१९ मध्ये तर ३२६ स्ट्राइकआउट, २०-५ (२० विजय, ५ पराभव), ईआरए २.५०, आणि तरीही साय यंग अवॉर्डमध्ये (सर्वोत्तम पिचरच्या बक्षिसात) दुसरा आला कारण पहिला कोण, तर त्याच्याच टीमचा व्हर्लँडर, २१-६ आणि बरोबर ३०० स्ट्राइकआउट.

म्हणजे माझं म्हणणं असं आहे की ट्रेडमध्ये पिचरचा मागच्या वर्षीचा आकडा विकत घ्यायचा नसतो, त्याची टीम त्याच्याकडून काय करून घेत नाहीये ते ओळखायचं असतं, आणि ते करून घ्यायची सोय आपल्याकडे आहे का ते बघायचं असतं.

आता पिट्सबर्ग. कोल विकला त्याच २०१८ च्या ३१ जुलैला याच पायरेट्सनी टँपा बे रेजकडून क्रिस आर्चर आणला. कागदावर सगळं बरोबर होतं बरं का, नाव मोठं, पगार कमी, कंट्रोल २०२१ पर्यंत. दिलं काय तर ऑस्टिन मेडोज, टायलर ग्लासनाउ आणि नंतर नाव ठरवायच्या खेळाडूच्या जागी शेन बाझ. आर्चरला परत सिंकर टाकायला लावलं, २०१९ मध्ये ईआरए ५.१९. तिकडे मेडोजने २०१९ मध्ये ३३ होम रन मारले आणि ऑल-स्टार झाला, आणि ग्लासनाउ, जो पायरेट्सकडे बुलपेनमध्ये (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरांमध्ये) पडून होता, त्याने २०२० च्या वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच रेजसाठी सुरू केली. कोलमध्ये जे ओळखता आलं नाही तेच ग्लासनाउमध्ये पण ओळखता आलं नाही, सात महिन्यांच्या अंतराने. पायरेट्सचे फॅन बघत असतील तर माफ करा, पण हे सांगणं भाग होतं.

तिसरा ट्रेड पटकन. ३१ जुलै २०१९, डेडलाइनच्या तोंडावर ॲरिझोनाकडून झॅक ग्रिंकी, वय ३५, ईआरए २.९०, पगार अवाढव्य. ॲरिझोनाने २.४ कोटी डॉलर सोबत दिले आणि चार पोरं घेतली, त्यातल्या कॉर्बिन मार्टिनच्या कोपराचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. टकर याही वेळी दिला नाही. ग्रिंकी येऊन ८-१ खेळला, टीम १०७ मॅच जिंकली. व्हर्लँडर, कोल, ग्रिंकी, एकही आपल्या ड्राफ्टमधला नाही आणि एकही फ्री एजंट म्हणून आणलेला नाही.

आणि एवढं करून? २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये समोर वॉशिंग्टन नॅशनल्स. त्यांचा स्ट्रासबर्ग ड्राफ्टमधला, शर्झर आणि कॉर्बिन पैसे मोजून आणलेले, म्हणजे रोटेशन बांधायचा पूर्ण वेगळा रस्ता. सातही मॅच पाहुण्या टीमने जिंकल्या, असं कधी झालं नव्हतं. गेम ७ ला ग्रिंकी सातव्या इनिंगपर्यंत २-० ने पुढे, मग नॅशनल्सच्या रेंडनचा होम रन, सोटोला वॉक (चार चुकीच्या बॉलवर फुकट बेस), आणि मॅनेजरने ग्रिंकीला काढलं. बुलपेनमध्ये कोल तयार होऊ शकत होता, पण आणला विल हॅरिसला, आणि हॉवी केंड्रिकने मारलेला बॉल उजवीकडच्या फाउल पोलवर जाऊन आदळला, म्हणजे होम रन. ६-२, खल्लास. कोलने त्या मॅचमध्ये एकही बॉल टाकला नाही.

मॅच संपल्यावर तो मीडियासमोर आला तेव्हा डोक्यावर ॲस्ट्रोजची टोपी नव्हती, एजंटच्या कंपनीची होती, कारण दोन वर्षांचा कंट्रोल त्या रात्री संपला होता. डिसेंबरमध्ये यांकीजने त्याला नऊ वर्षांसाठी ३२.४ कोटी डॉलर दिले.

तर कमेंटमध्ये लिहा, ग्रिंकीला काढायला हवं होतं का, आणि काढलंच तर कोलला आणायचं होतं का, तीन दिवस आधीच त्याने पूर्ण स्टार्ट केली होती हे लक्षात ठेवून. पुढच्या व्हिडिओत सॅन डिएगो पाद्रेज, २०२० च्या डिसेंबरमध्ये दोनच दिवसांत ब्लेक स्नेल आणि यू डार्विश आणले, जानेवारीत हाच जो मसग्रोव्ह आणला, त्याने एप्रिलमध्ये पाद्रेजच्या इतिहासातला पहिला नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट न देता संपवलेली मॅच) टाकला, आणि पाद्रेजने तो सीझन संपवला ७९-८३ वर.