दगड भाजून हत्यारं? हो, ७२ हजार वर्षांपूर्वी!

नमस्कार मंडळी! आज डायरेक्ट साऊथ आफ्रिकेत जाऊया, मॉसेल बे जवळ पिनॅकल पॉइंट नावाची जागा आहे, समुद्राला लागून कडा आणि त्यात गुहा. तिथे सिल्क्रीट नावाच्या दगडाची एकदम सुबक, पातळ पाती सापडली. आता काइल ब्राऊन हा संशोधक स्वतः दगड फोडून हत्यारं बनवणारा, पण तिथलाच दगड आणून कितीही ठोकला तरी तशी पाती काही निघेनात! आणि जुनी हत्यारं लालसर, चकचकीत, हा कच्चा दगड मात्र फिका नि खरखरीत.

मग त्यांनी दगड आगीखाली वाळूत पुरले, हळूहळू साधारण ३५० डिग्रीपर्यंत तापवले, तसेच हळूहळू गार होऊ दिले, आणि काम झालं.

होतं काय, तर दगडाच्या आत अडकलेलं पाणी निघून जातं आणि सिलिकाचे (वाळूत असतो तोच पदार्थ) कण एकमेकांना घट्ट धरतात. दगड कडक होतो पण चिवटपणा जातो. पापडाचं बघा ना, कच्चा वाकतो आणि भाजला की कटकन तुटतो! मग एक टोला मारला की तडा सरळ, लांब जातो. फक्त घाई केली तर दगड आगीतच फुटतो, सगळी मेहनत पाण्यात.

आता तुम्ही म्हणाल, चुकून शेकोटीत पडला असेल की. इथेच मला हा रिसर्च जाम आवडतो. ती चकाकी दगड नुसता भाजून येत नाही, भाजल्यानंतर जिथे फोडला तिथेच येते. म्हणजे एकाच दगडावर जुना भाग निस्तेज आणि बाजूचा नवा चकचकीत दिसला, की समजायचं आधी भाजला, मग घडवला. शिवाय दगडातल्या चुंबकत्वावरूनही तो तापला होता का ते तपासलं. २००९ मध्ये हे सायन्स जर्नलमध्ये आलं: ७२ हजार वर्षांपूर्वी ही पद्धत तिथे सर्रास होती, सुरुवात कदाचित १ लाख ६४ हजार वर्षांइतकी जुनी.

यावर भांडण पण आहे बरं का. काही संशोधक म्हणतात वाळूबिळू काही नको, सिल्क्रीट साध्या निखाऱ्यात पटकन तापवलं तरी चालतं. मला विचाराल तर त्याने फार फरक पडत नाही, निखाऱ्यात टाकायलाही आधी सुचावं लागतंच.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर गुजरातेत खंभातला जा, तिथले कारागीर अकीक (मणी बनवतात तो दगड) मडक्यात घालून भाजतात, रंग लाल होतो, फोडायलाही सोपा जातो, आणि तो अकीक मुळात आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्येच तयार झालेला आहे.