रिठावरचा पांढरा डाग

मंडळी, पहिल्या रांगेतली पोरं मघापासून माझ्या ड्रोनच्या पेटीकडेच पाहून राहिलीत. ती आज उघडणार नाही. सभागृहाला छत आहे.

तुमच्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या शिवाराला लागून एखादं रिठ असेल. सातबाऱ्यावर मौजाचं नाव आहे, तलाठी आहे, वहिती आहे, राहणारा माणूस मात्र एक नाही. सरकारी भाषेत बेचिराग. एक शेंदूर फासलेला मारोती, चिंच, बुजत आलेली विहीर. पटकीच्या साथीत गाव उठलं, असं म्हातारे सांगतात. दुसरे म्हातारे वेगळं सांगतात.

माझी तक्रार आमच्याच ड्रोनवाल्यांबद्दल आहे. ड्रोन हातात आला की हे गढीकडे धावतात. बुरुजाभोवती एक गोल चक्कर, मागे बासरी, झाला व्हिडिओ. अहो, गढी रस्त्यावरून एसटीतही दिसते! तिच्यासाठी उडायचं कशाला? शकुंतला रेल्वेच्या रुळांचंही तेच. जमिनीवर उभं राहून जे दिसतच नाही, त्यासाठी वर जायचं. आज मला एवढंच सांगायचं आहे, पण त्याआधी एक किस्सा. अध्यक्षमहोदय, छोटाच आहे.

मे महिन्यात दारव्ह्याकडच्या एका रिठावर मी ड्रोन सोडला. स्वामित्व योजना २०२० साली आली, तेव्हापासून गावठाणांची मोजणी ड्रोननं होते. त्यामुळे आकाशात गुणगुण ऐकू आली की मोजणी आली, हे खेड्यात पक्कं झालंय. ड्रोन वर जातो न जातो तोच एक मोटारसायकल आली. मग दुसरी, तिच्यावर पोलीस पाटील. मग सातबारा घेऊन एक गृहस्थ. आणि सगळ्यांच्या मागून एक आजी.

"भाऊ, मोजनीचं हाय काय हे?"

नाही म्हटलं, फोटो काढतो. कोणाचाच विश्वास नाही. फुकटात कोण उन्हात उभं राहते? आजी म्हणाली, "मंग त्या धुऱ्यावरून फिरव ना एकडाव. दोन तासं खाल्ली त्यानं माही." म्हणजे धुरा, बांध हो, सरकवून तिच्या वावराच्या दोन ओळी घेतल्या. तो 'त्यानं' म्हणजे सातबारावाले गृहस्थ, शेजारीच उभे. ते म्हणाले, फिरवाच, होऊन जाऊ द्या. पोलीस पाटील म्हणाले, आधी कागद दाखवा. म्हणजे आलो होतो फोटोग्राफर, झालो पंच.

उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणून मी डोक्यावरून दुपट्टा घेतला होता. आजीनं सरळ त्या दुपट्ट्यात डोकं घातलं. आधी काही कळेना. मग बोट टेकवलं, "हा माहा आंबा. हे विहीर." स्क्रीनवर बोटाचा धुळीचा ठसा उमटला. वखरणी झालेलं काळंभोर वावर, आणि मधोमध राखेसारखा फिकट, वेडावाकडा डाग. हे काय, मी विचारलं. "तिथं? तिथं वखराला खापरं लागतात. बांगड्यांचे तुकडे निघतात." तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. धुऱ्याचा निकाल मात्र मी दिला नाही. गृहस्थ अजून फोन करतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग मूळ विषय पळत सांगतो.

तो डाग म्हणजे पांढरी. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, चुना, सगळं पिढ्यान्‌पिढ्या साचून तिथली माती उजळ होते. शेजारची काळी तशीच राहते. वावरात उभं राहिलं तर रंगातला फरक विरून जातो, वरून मात्र वस्तीची कड दिसते. हे पाहायचं वखरणी झाल्यावर आणि मृगाच्या आधी. एकदा कपाशी वर आली की काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट सावलीची. सूर्य उगवल्यावर पहिल्या अर्ध्या तासात वीतभर उंचवट्याचीही लांब सावली पडते, बुजलेली भिंत रेघेसारखी उठते. दुपारी बाराला हेच वावर सपाट दिसतं.

तिसरी पिकाची. जमिनीखाली दगडी पाया असेल तर वरचा गहू खुजा राहतो, लवकर पिवळा पडतो. जुना खड्डा किंवा खंदक असेल तर तिथे ओल टिकते, गहू उंच आणि हिरवा. इंग्लंडमध्ये पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२० च्या दशकात विमानातून हेच पाहिलं. आपली काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून इथे खुणा पुसट येतात. येतच नाहीत असं नाही.

नागपूर–काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, महापाषाणयुगीन. जमिनीवर दगडच दगड, मांडणी वरून कळते. पण ते संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय नाही. गाविलगड किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे तर नावच काढू नका. २०२१ च्या नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. तरी सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळाच्या नकाशावर लाल, पिवळा, हिरवा पट्टा पाहायचा, हिरव्यातही ४०० फुटांच्या वर जायचं नाही. आणि वावर ज्याचं त्याला आधी विचारायचं.

अध्यक्ष उठले. ज्यांच्या रिठात यंदा गहू आहे, त्यांनी चहाजवळ नाव आणि गट नंबर लिहून द्या. जानेवारीत येतो.