करंगळी

श्रोतेहो, नमस्कार.

एकतीस वर्षं मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर होते, बहुतेक काळ पहिली-दुसरीला. त्या वर्गात तासाला दोन-तीन करंगळ्या वर व्हायच्या. "बाई, एकीला?" मी मान हलवली की पोरगं चड्डी सावरत सुसाट बाहेर. कुणी लाजायचं नाही, कुणी हसायचं नाही. आणि ज्या बाईंनी ही परवानगी हजारो वेळा दिली, त्यांना रोजच्या बसमध्ये "गाडी जरा थांबवा, मला जायचंय" एवढं कंडक्टरला कधी म्हणता आलं नाही.

तर आज त्यावरच बोलायचंय. रस्त्यानं जाताना लघवीला कुठं जायचं. शब्द ऐकून कुणी रेडिओचा कान पिळायला उठला असेल तर बसा हो, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.

आपल्याकडं या गोष्टीला नावंच नावं. जरा पाय मोकळे करून येते. तोंडावर पाणी मारून येते. बाहेर जाऊन येते. माझ्या सासूबाई "मागं जाऊन येते" म्हणायच्या, मग त्या पुण्यात लेकाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये का असेनात. इतकी नावं ठेवल्यामुळं एक होतं. कंडक्टर म्हणतो, पाय मोकळे करायला कशाला गाडी थांबवायची? त्याचंही बरोबरच की.

बायकांनी यावर शोधलेला उपाय तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं. सकाळी चहा अर्धा कप, तोही नको-नको म्हणत. बाटली भरून पिशवीत ठेवायची, खरं ती पोरांसाठी. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. चाळिशीत दोनदा थंडी वाजून ताप आला, लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" मी खोटं सांगितलं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर पेननं एक आखूड रेघ ओढली आणि तिच्या खाली एक लांब. आखूड ती बाईची मूत्रनळी, जेमतेम चार सेंटिमीटर. लांब ती पुरुषाची, चार-पाच पट. "जंतूंना तुमच्याकडं वाट जवळची आहे बाई," त्या म्हणाल्या. "पाणी प्यालात, वेळेवर गेलात, तर ते वाहून जातात. तुम्ही दार लावून त्यांना आत कोंडून ठेवताय." ती चिठ्ठी मी बरेच दिवस पर्समध्ये ठेवली होती.

पुरुषांचं काय, कुठंही गाडी लावली, पाठ फिरवली, झालं. हे त्यांच्या पन्नाशीपर्यंत. पुढं साखर असते, प्रोस्टेट असतं, आणि मग तेही खिडकीतून पेट्रोल पंप मोजायला लागतात. आमच्या घरात मी हे रोज बघते, त्याहून जास्त सांगितलं तर घरी रेडिओ बंद होईल.

पूर्वी आपल्या या भागात एक सोय होती, ती म्हणजे ऊस. तुम्ही हसाल, खरं निपाणी, संकेश्वर, गोकाक, रायबाग या पट्ट्यातल्या बायकांना विचारा. जुन्या दोन पदरी रस्त्यावर बस थांबली की उसाच्या फडाकडं दोघी-तिघी निघायच्या, एकीनं लुगडं धरून आडोसा करायचा, बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं. दिवाळीच्या सुमारास ऊस डोक्याच्या वर. मग कारखाने पेटले की फड मोकळे व्हायला लागतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माकडं निघालं तर अजून कुठं कुठं आडोसा शिल्लक असतो. माघ पौर्णिमेला निघालं की दोन्ही बाजूंना नुसतं पाचट आणि उघडं आकाश. म्हणजे ज्या दिवसांत गाड्या भरभरून बाया देवीला जातात, त्याच दिवसांत लपायला जागा नाही. साप-विंचवाचं तर मी बोलतच नाही. आता हमरस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक, कडेला कठडे. गाडी सुसाट जाते, खरं मधेच कुठं थांबायची सोय गेली.

आणि बाया तर आता आधीपेक्षा जास्त फिरतात. ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना आली, सरकारी साध्या बसला राज्यातल्या बायकांचं तिकीट शून्य रुपये. पलीकडं महाराष्ट्रात त्याच वर्षी १७ मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. चांगलं झालं, मी स्वतः त्या शून्याच्या तिकिटावर लेकीकडं, बहिणीकडं, देवाला फिरले. एकदा एका स्टँडवर उतरले, हातात शून्य छापलेलं तिकीट, आणि शौचालयाच्या दारात बसलेला माणूस म्हणाला, पाच रुपये. साठ किलोमीटर फुकट आणि शेवटची साठ पावलं पाच रुपयांची. शेजारच्या मुतारीत पुरुष आत-बाहेर करत होते, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी नेमका हाच सवाल केला होता, त्या मोहिमेला 'राईट टू पी', म्हणजे लघवीचा हक्क, म्हणतात. एकाच कामाला बाप्याला फुकट आणि बाईला पैसे का? मी मात्र त्या दिवशी पाच रुपये दिले. भांडायला वेळ नव्हता, कारण तुम्हाला कळलं असेल.

इथं एक कानडी शब्द शिकवते, मास्तरीणच मी. दरफलकावर 'उचित' असं लिहिलेलं दिसलं तर आपण मराठी माणसं म्हणतो, हां, योग्य दर असेल. कानडीत 'उचित' म्हणजे फुकट. तो शब्द फलकावर कशासमोर लिहिलाय ते बघा आणि मगच पर्स उघडा.

दुसरं, दारावरची पाटी. 'महिळेयरु' आणि 'पुरुषरु' लिहिलेलं असेल तर कानडी वाचता न येणारासुद्धा कुणाला विचारून आवाजावरून ओळखेल. पंचाईत 'हेंगसरु' आणि 'गंडसरु' यांची. हेंगसरु म्हणजे बायका, गंडसरु म्हणजे पुरुष. दोन्हींत पहिल्या अक्षराला जोडून पूज्याएवढं गोल टिंब, दोन्हींचा शेवट 'सरु'. घाईत, ते पण तशा घाईत, कोल्हापूरकडून आलेल्या पाहुणीनं काय वाचावं? माझी एक मावसबहीण सरळ चुकीच्या दारातून आत गेली आणि आत गेल्यावर, तिच्याच शब्दांत, "कुणाकडंच न बघता" परत आली. कानडीतला ग लक्षात ठेवा. तो पाटीवर पहिला आला तर पुरुष, टिंबाच्या पुढं आला तर आपण. आणि विचारायचं झालं तर या भागात "अक्का, शौचालय एल्लि ऐति?" एवढं म्हटलं की कुणीही हात करून दाखवतं. अक्का म्हटलं की बाई बोट दाखवून थांबत नाही, सोबत दारापर्यंत येते, हा माझा अनुभव.

आता जायचं कुठं. बसनं जात असाल तर स्टँड सोडू नका. बेळगाव, संकेश्वर, निपाणी, जिथं गाडी स्टँडच्या आत जाते तिथं लागली असो-नसो, उतरून या. "आत्ता नाही लागली" हे वाक्य मी लहान पोरांच्या तोंडून इतकं ऐकलंय की त्याचा अर्थ मला पाठ आहे. पाच मैलांवर लागते.

स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल पंप. पाणी, हवा आणि शौचालय ठेवणं पंपवाल्यांना तेल कंपन्यांच्या नियमानंच बांधलेलं आहे. पुष्कळदा दाराला कुलूप असतं, आणि किल्ली कुठंय विचारलं की पोरगा ऑफिसकडं हात करतो. किल्लीला लाकडाचा हा एवढा ठोकळा बांधलेला, हरवू नये म्हणून. तो हातात धरून सगळ्या पंपासमोरून चालत जायचं म्हणजे ढोल वाजवत गेल्यासारखंच. मला सुरुवातीला फार संकोच वाटायचा. आता मी तो ठोकळा झुलवत जाते.

हमरस्त्यावर टोलनाक्यांजवळही सोय असते. आपल्या टापूत हिरेबागेवाडी, हत्तरगी, कोगनोळी हे नाके. घाण असेल, कुलूप असेल, पाणी नसेल, तर राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हा नंबर आहे, चोवीस तास. २०२५ च्या ऑक्टोबरात महामार्ग प्राधिकरणानं एक गंमत केली होती. नाक्यावरच्या घाणेरड्या शौचालयाचा फोटो राजमार्गयात्रा ॲपवर टाका, खरा निघाला तर फास्टॅगवर हजार रुपये. पंप आणि ढाबे त्यात नव्हते, आणि एका गाडीला एकदाच. माझा भाचा हजार रुपयांच्या आशेनं एका नाक्यावर मुद्दाम उतरला. लख्ख धुतलेलं निघालं. मी प्रवासात एवढा हिरमुसलेला माणूस पाहिला नाही.

घाटाचं मात्र वेगळं आहे. चोर्ल्यानं गोव्याला निघालात तर जांबोटी-कणकुंबीतच उरकून घ्या, पुढं जंगल, वळणं आणि पावसाळ्यात हातभर अंतरावरचं दिसू न देणारं धुकं. आंबोलीनं सावंतवाडीकडं जाताना चंदगडाकडच्या हॉटेलांत थांबा. हॉटेलात चहा घ्यावाच लागतो असं नाही, पण मी घेते. मग पुन्हा लागते, तो भाग निराळा.

आणि दार उघडल्यावर? इथं मला जरा सविस्तर बोलू द्या. मी आधी कडी बघते, मग नळ, मग फरशी. कडी बहुतेक ठिकाणी असते, ती जिच्यात जायची ती भोकाची पट्टी नसते. कुणीतरी तिथं सुतळी बांधलेली असते, ती ओढून धरायची. एका हातात सुतळी, एका हातात मग, साडीचा घोळ दातात, आणि पर्स? खुंटी नाही. खुंटी! शौचालय बांधणाऱ्या कुणाही कंत्राटदाराला आयुष्यात एकदा पर्स, पिशवी आणि लहान मूल घेऊन आत पाठवावं, दुसऱ्या दिवशी भिंतीला चार खुंट्या लागतील. म्हणून मी पर्स लांब बंदाची घेतली, गळ्यात आडवी टाकता येते. पिशवीत एक नाडी असते, कडीसाठी. कागद, साबणाची वडी, आणि सुटे पाच-पाच रुपये. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर कमोड आहे का, हे आधी आत जाऊन आपण बघून यावं. आमच्या आईला एकदा बसल्यावर उठताच येईना, दोघींनी आत जाऊन उठवली. ती बिचारी तेव्हापासून गावाला जायचं नाव काढत नाही.

दारात बसलेल्या बाईशी दोन शब्द बोला. एका स्टँडवरची बाई मला म्हणाली, "दिवसाला इतके लोक येतात, बाई, नाकाला पदर लावून पैसे फेकतात. तोंडाकडं कुणी बघत नाही." आत लख्ख होतं. मी तसं म्हटलं तर ती उठून मला मागची मोरी दाखवायला निघाली, तीही घासलेली होती.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरला लग्नाला निघाले होते. बेळगावहून अडीच-तीन तासांचा रस्ता. संकेश्वर सुटलं आणि पुढं कुठं रस्त्याच्या कामाजवळ गाड्या तुंबल्या. अर्धा तास, पाऊण तास. बस गच्च भरलेली, निम्म्याहून अधिक बाया, सगळ्या नटलेल्या आणि सगळ्या गप्प. गाडी हलली तेव्हा माझी अवस्था सांगण्यासारखी नव्हती. उठले. दांड्यांना धरत धरत पुढं गेले. ड्रायव्हर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. तोंडातून शब्द फुटेना. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझा हात वर गेला, करंगळी.

त्यानं आरशात बघितलं, मग वळून बघितलं. हसला नाही. "पंप येतोय बाई, दोन मिनिटं. आधी सांगायचं की."

पंपावर गाडी लागली. मी उतरले आणि मागं वळून बघते तर रांग. कंडक्टर दारात उभा राहून मोजत होता, तेरा, चौदा, "अजून हायत काय?" लग्नाच्या शालूतल्या, काठापदराच्या, एक नववारीतली, सगळ्या एका ठोकळ्याच्या किल्लीमागं. एकीनं माझी पर्स धरली, मी तिचं बाळ धरलं.

गाडी निघाली. पुढच्या बाकावर नववारीतल्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून काठोकाठ भरलेली बाटली काढली, झाकणाचं सील तोडलं, आणि निपाणी यायच्या आत निम्मी संपवली.