बार्शी लाइट ते वरून जाणारी गाडी

(लातुरात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, पुढच्या दोन रांगांत पांढऱ्या केसांची माणसं बसलीत, म्हणून पहिला प्रश्न त्यांनाच. बार्शी लाइटमध्ये, म्हणजे आपल्या त्या जुन्या अरुंद रुळांच्या आगगाडीत, कोण कोण बसलंय? बरेच हात वर आले की. मग तुम्हाला एक गंमत सांगतो. तुमच्या त्या गाडीच्या दोन रुळांमध्ये अंतर होतं ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड नावाची मोठी बाग आहे. तिथं लेकराबाळांना फिरवायला वाफेच्या इंजिनाची गाडी आहे, तिच्या रुळांतलं अंतर तीन फूट. म्हणजे त्यांच्या खेळातल्या गाडीचा मार्ग आपल्या खऱ्या गाडीपेक्षा रुंद निघाला! आपण त्या अडीच फुटांवरून कापूस नेला, वऱ्हाडं नेली, पंढरपूरचे वारकरी नेले.

ही लाइन बांधली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं. १८९७ साली ती बार्शीला पोचली आणि १९११ साली लातूरला. त्याचा हट्ट असा की कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. भार कमी म्हणून रूळ हलके, रूळ हलके म्हणून खर्च कमी. पुढं हाच माणूस पॅराशूट बनवायच्या नादी लागला. जिवाला न घाबरवता अलगद पोचवायचं, हा त्याचा छंदच असावा. आमचे आजोबा सांगायचे, चढावर ही गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बोरं तोडायची आणि पळत येऊन मागच्या डब्यात चढायची. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

आजचा विषय आहे मनोरंजन पार्कातली ती छोटी गाडी, जी खांबांवरून, लोकांच्या डोक्यावरून संथ फिरते. रोलर कोस्टर नव्हे. हिच्यात कुणी किंचाळत नाही. कॉलेजची पोरं तिला ‘म्हाताऱ्यांची राइड’ म्हणतात आणि पुढं जातात. मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवलं, तेव्हा माझं मत असं आहे की माणसाला ओरडायला लावणं सोपं असतं. गाडी चालू झाली हे बसलेल्या आजीला कळूच नये, असं यंत्र बनवायला खरी अक्कल लागते.

आधी ती वर का न्यायची, ते बघू. डिस्नेलँड १९५५ च्या जुलैत उघडलं, तेव्हा वॉल्ट डिस्नेनं बागेभोवती मातीचा उंच बांध घातला आणि आगगाडी त्या बांधावरून फिरवली. बाहेरचे रस्ते आणि विजेच्या तारा आतल्या माणसाला दिसू नयेत, हा हेतू. आपल्याकडं बांध म्हटला की दोन भाऊ कोर्टात दिसतात. तिकडं बांध घातला आणि वर गाडी बसवली. पण बांध जागा खातो. मग पुढची पायरी खांबांची. खाली माणसं चालत राहतात, आइस्क्रीमच्या गाड्या उभ्या राहतात, आणि वरून गाडी जाते. फाटक नाही, कुणी रूळ ओलांडायला नाही. उंचीचंही गणित असतं. माझ्या मते चारपाच मीटर बास. कडुलिंबाच्या फांद्यांच्या बरोबरीनं जावं, खालच्या माणसाचे चेहरे ओळखू यावेत, हात हलवला तर त्यानं उलट हात हलवावा. त्याहून वर गेलात की माणसांच्या मुंग्या होतात आणि आजी डोळे मिटून घेते.

१९६७ साली डिस्नेलँडमध्येच ‘पीपलमूव्हर’ नावाची गाडी सुरू झाली. तिच्या डब्यांना मोटरच नव्हती. मार्गातच थोड्या थोड्या अंतरावर रबरी टायर बसवलेले. ते फिरायचे आणि डबा पुढं ढकलायचे. ती १९९५ साली बंद झाली. फ्लोरिडातली तिची बहीण १९७५ ची, ती आजही फिरते, आणि तिची युक्ती आणखी भारी. आपल्या विहिरीवरची मोटर डोळ्यांपुढं आणा. बाहेर वाइंडिंगचा गोल, आत फिरणारा रोटर. आता तो गोल उभा कापा आणि चटई उलगडावी तसा जमिनीवर सरळ पसरा. रोटरही सपाट करा आणि त्याची पट्टी डब्याच्या पोटाला लावा. करंट सोडला की रोटर गोल फिरण्याऐवजी सरळ पुढं सरकतो. हीच लिनियर इंडक्शन मोटर. गिअर नाही, साखळी नाही, चाक जागच्या जागी घसरायची भीती नाही. पावसात ज्यांचा ट्रॅक्टर चिखलात रुतलाय त्यांना याची किंमत लगेच कळेल. तिथं चढाउतरायचा फलाटही गोल असून गाडीच्या चालीनं फिरतो, त्यामुळं एरवी गाडी थांबवावी लागत नाही. साधारण दहा मिनिटांची फेरी.

आता जरा आकडे. ताशी १० किलोमीटरनं १५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर साठ किलोच्या माणसाला बाजूला साधारण तीन किलोचा रेटा बसतो. शेजारच्यानं कोपर लावावं, इतकाच. तेच वळण ताशी ४० नं घ्या. वेग चौपट, रेटा सोळापट, म्हणजे पन्नास किलो! अख्खं पोतं कुशीवर आलं. म्हणून वेगाच्या राइडला रूळ तिरपा करतात. आपल्या संथ गाडीला तीही सोय फारशी वापरता येत नाही, कारण ती वळणावर थांबू शकते. जास्त तिरप्या रुळावर थांबली की एका बाकावरची सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर. मग उपाय काय? वळण हळूहळू सुरू करायचं. सरळ रुळाला एकदम गोल रूळ जोडला तर मान हिसकते. मधे एक असा तुकडा घालतात की वाकणं शून्यापासून वाढत जावं. चांगला गाडीवान बैल असेच वळवतो, त्याला कुणी सूत्र शिकवलेलं नसतं.

माणसाला खुपतो तो हिसका. वेग वाढतो तेव्हा अंगाला कळतं, एकसारखा राहिला की कळत नाही. रोलर कोस्टरवर दहा खटके बसले तरी किंचाळण्यात खपून जातात. इथं मात्र एक सैल नट वाजला तरी सगळा डबा वळून बघतो. म्हणून वरच्या चाकांबरोबर तुळईच्या दोन्ही अंगांना आडवी चाकं असतात, डबा डुलू नये म्हणून, आणि चाकांना लोखंडाऐवजी रबर किंवा तत्सम काही असतं.

एक गोष्ट माझ्या घरची. मायला घेऊन मी मुंबईकडच्या एका पार्कात गेलो होतो. नाव सांगत नाही. माय सत्तरीची, अंगावर लुगडं. प्रत्येक राइडपाशी गणवेशातला पोरगा हात आडवा करायचा, ‘आजी, तुम्हाला नाही.’ माझ्या चार वर्षांच्या नातीला उंची मोजायच्या पट्टीपाशी उभं करून तेच ऐकवायचे. शेवटी ही वरची गाडी. एका बाकावर माय, मी आणि नात. आमची गाडी पाळण्यापाशी आली आणि बंद पडली. पुढची गाडी मार्गाच्या पुढच्या टप्प्यातून निघाली नव्हती. एका टप्प्यात एकच गाडी, हा नियम; तो असल्याचा मला आनंद झाला, बाकीच्यांना झाला नाही. वीस मिनिटं आम्ही लटकून. खाली भोंग्यातून काहीतरी इंग्रजीत सांगत होते. रुळाच्या कडेला माणूस चालू शकेल अशी जाळीची पायवाट होती, ती मी आधीच बघून ठेवली होती. ज्या गाडीतून आजीला पायी खाली आणायची सोय नाही तिच्यात आजीला बसवू नये, हे माझं ठाम मत आहे.

नात रडकुंडीला आली. मायनं विचारलं, ‘आरं, डिझेल संपलं का काय ह्याचं?’ मी म्हटलं, विजेवर चालतंय. ‘मग लोडशेडिंग म्हणायचं,’ असं म्हणून तिनं कमरेची पिशवी सोडली. आत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, तपासणी कडक, तरी ते तिनं कसं आणलं हे मला आजवर कळलेलं नाही. समोरच्या बाकावरच्या गुजराती जोडप्यालाही एकेक मिळाली.

खाताखाता ती खाली वाकून बघत होती. जन्म काळ्या रानात गेला तिचा, विहिरी खांदताना बघितलेल्या. म्हणाली, ‘हा खांब खाली कुठवर गेलाय रे?’ डब्यातल्या तीसेक माणसांत हा प्रश्न तिलाच पडला, आणि मेकॅनिकलवाल्या लेकाला उत्तर येईना.

ते मी नंतर शिकलो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर खांब उभा केला तर दरसाल वरखाली होतो, आणि वरच्या रुळाला दोन मिलिमीटरसुद्धा सहन होत नाहीत. म्हणून खांब मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यायचा. जिथं ते खोल असतं तिथं बुडाशी कांद्यासारखा फुगीर पाइल घालतात, म्हणजे माती वर उचलू शकत नाही. शिवाय आपलं ऊन. शंभर मीटर पोलादी तुळई थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ५० अंशांनी तापली, तर सहा सेंटिमीटर लांबते. तेवढी फट सोडावीच लागते. ती तिरपी कापतात, नाहीतर प्रत्येक फटीत चाक आदळून बार्शी लाइटसारखं टकटक वाजेल.

पण त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ठोकून दिलं, ‘मुरमापर्यंत गेलाय, माय.’

‘मग ठीक हाय,’ म्हणाली, आणि दुसरी दशमी काढली.