वेलांटी आधी, उच्चार नंतर

आठवी 'ब'. मराठीचा तास. खिडकीजवळच्या बाकावर हा मुलगा ओळीखाली फूटपट्टी धरून वाचतोय. पट्टी सरकते, थांबते, पुन्हा मागे येते.

त्याची वही जरा जवळून बघा. 'शिक्षक' लिहायचं होतं, झालंय 'शक्षिक'. तिन्ही अक्षरं आहेत, वेलांटीही आहे, फक्त घर चुकलंय. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर. आपण ही कसरत लहानपणीच अंगवळणी पाडतो आणि विसरून जातो. त्याला ती दर शब्दाला नव्यानं करावी लागते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीचा. रफार तर उच्चारात आधी येतो आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ही अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचताना-लिहिताना येणारी अडचण. यालाच आजवर प्रगतिपुस्तकात 'निष्काळजी' असा शेरा मिळत आला.

बाई फळ्यावर 'पर्वत' लिहितात. रफार लाल खडूनं. प... र्... व... त. प्रत्येक तुकड्याला टाळी. हसत कुणीच नाही, कारण टाळ्या सगळा वर्ग वाजवतोय.

उद्याचा उतारा बाई त्याला आजच देऊन ठेवतात. उभं राहून वाचायचं ते त्यानं हात वर केला तरच. फळ्यावरचं उतरवायची सक्ती नाही, शेजारच्या वहीची झेरॉक्स चालते. आज वर्गात आमचा कॅमेरा आहे म्हणून नव्हे, रोजच.

आता विज्ञानाचा तास. आकृतीवर बोट ठेवून तो हृदयाचे चार कप्पे सांगतोय. अलिंद, निलय. दोन्हींत वेलांटी, आणि जीभ कुठे अडत नाही. शेजारी लाल शाईनं भरलेला हा पेपर याच धड्यावरचा, याच मुलाचा.

दहावीत अशा मुलांना सवलती द्यायला महाराष्ट्रानं 1996 सालीच सुरुवात केली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आली. लेखनिक मिळतो, तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, चाचण्या होतात, आईबाबांचे रजा टाकून हेलपाटे होतात. कागद वेळेत आला नाही, तर मूल तसंच परीक्षेला बसतं.

मधल्या सुट्टीची घंटा. पट्टी दप्तरात जाते, तिच्यामागून उद्याचा उतारा, चार घड्या घालून.