आधी लेक गेली, मग विमान भरकटलं

[दृश्य: लोणार परिसरातल्या एका गावचं वाचनालय. भिंतीला ताणून बांधलेली पांढरी चादर, समोर प्रोजेक्टर, सतरंजीवर नववी-दहावीची मुलं.]

निवेदन:
२०१८ साली आलेला ‘फर्स्ट मॅन’ हा चित्रपट नील आर्मस्ट्राँग यांच्यावरचा. त्याचा आधार आहे इतिहासकार जेम्स हॅन्सन यांनी लिहिलेलं, २००५ साली प्रसिद्ध झालेलं त्याच नावाचं चरित्र. दोन्ही शेजारी ठेवून बघायचे असतील, तर कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात पडद्यावरचा प्रसंग, दुसऱ्यात पुस्तकातली तारीख, तिसऱ्यात फरक. तारखेचा रकाना रिकामा सोडू नका. सगळ्यात मोठा फरक तिथेच सापडतो.

[दृश्य: एक्स-१५ विमानाची जुनी छायाचित्रं.]

चित्रपटाची सुरुवात होते एक्स-१५ या रॉकेट-विमानात. बी-५२ या मोठ्या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली टांगून वर नेलेलं हे विमान तिथून सोडून दिलं जातं. परत येताना त्याचं नाक थोडं जास्त वर राहतं आणि ते खाली यायचं सोडून पुन्हा वर चढतं. पडद्यावर हे इतक्या घाईत घडतं, की कारण हातून निसटतं. कारण असं. सुमारे १,४०,००० फुटांवर, म्हणजे ४२ किलोमीटरच्या पुढे, हवा फारच विरळ असते. विमान कलतं केलं तरी पंखांना रेटायला हवा नसते, त्यामुळे वळण लागत नाही. छोटे थ्रस्टर, म्हणजे वायूचा झोत सोडणारी छोटी इंजिनं, विमानाचं तोंड फिरवतात, मार्ग फिरवत नाहीत. विमान दाट हवेत उतरेपर्यंत थांबणं एवढंच वैमानिकाच्या हाती उरतं. तोवर धावपट्टी मागे पडलेली असते. आर्मस्ट्राँग कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहराच्या बाजूला गेले, तिथून वळले आणि इंधन संपलेल्या विमानातून तरंगत येऊन, जिथे उतरायचं होतं त्या कोरड्या तलावाच्या दक्षिण टोकाला उतरले. चित्रपटातला प्रसंग याच उड्डाणावर बेतला आहे.

तारीख मात्र जुळत नाही. हे उड्डाण झालं २० एप्रिल १९६२ ला. आर्मस्ट्राँग यांची मुलगी कॅरन, घरातली मफी, मेंदूच्या खोडातल्या गाठीनं गेली ती २८ जानेवारी १९६२ ला. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवशी. वय तीन वर्षंही पूर्ण नव्हतं. म्हणजे आधी लेक गेली, मग तीन महिन्यांच्या आत विमान भरकटलं. चित्रपटानं हा क्रम उलटा लावला आहे: आधी उड्डाण, मग मृत्यू.

याला किरकोळ फरक म्हणता येत नाही. त्या वसंतात आर्मस्ट्राँग यांच्या हातून आणखीही गडबडी झाल्या. नामवंत वैमानिक चक येगर सोबत असताना ओलसर तलावपात्रात रुतलेलं विमान ही त्यातली एक. या चुकांमागे दुःख होतं का, हा प्रश्न चरित्रात उभा राहतो. क्रम बदलला की तो प्रश्नच मिटतो. ज्या बापाचं मन पडद्यावर उलगडायचं आहे, त्याच्याविषयीचा सगळ्यात मोलाचा धागा इथे तुटला आहे.

[दृश्य: जेमिनी ८ आणि अजीना.]

यंत्रांच्या बाबतीत चित्रपट पक्का आहे. १६ मार्च १९६६, जेमिनी ८ हे दोन माणसांचं अंतराळयान. अजीना या मानवरहित यानाला जोडणी झाल्यावर यान गिरक्या घेऊ लागतं. दोष अजीनाचा समजून ते सुटं केलं जातं, आणि गिरकी आणखी वाढते. कारण दोष यानाच्याच आठव्या थ्रस्टरमध्ये असतो, तो चालूच राहिलेला, आणि आता त्याला हलकं यान फिरवायचं असतं. वेग सेकंदाला जवळपास एक फेरी. आर्मस्ट्राँग ती सगळी यंत्रणा बंद करून पृथ्वीवर परतण्यासाठी राखलेले थ्रस्टर वापरतात. त्यांचं सुमारे पाऊण इंधन खर्च होतं, म्हणून नियमानुसार लगेच परतावं लागतं. ही रांग लिहिताना तिसरा रकाना जवळजवळ कोरा राहील.

६ मे १९६८ ला चंद्रावर उतरण्याच्या सरावाचं यान कोसळलं, तिथे थोडा रंग चढवलाय. पडद्यावर चेहरा रक्ताळलेला. चरित्रात जीभ चावली गेली एवढंच, आणि त्याच दिवशी आर्मस्ट्राँग आपल्या टेबलाशी कागद चाळत बसलेले. माणूस कळायला मला ते टेबल जास्त उपयोगी वाटतं.

[दृश्य: लोणार विवराचा काठ, खाली हिरवट पाणी, काळा दगड.]

आता चंद्र. चित्रपटातला चंद्र अटलांटाजवळच्या दगडखाणीत उभा केला होता. आपल्याला मात्र खरं आघातविवर, म्हणजे उल्का आदळून झालेला खड्डा, बघायला बुलढाणा जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. लोणार सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि ते बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडात, पडलेलं आहे. चंद्रावरच्या सपाट काळ्या प्रदेशांचा दगडही बेसाल्टच, म्हणून शास्त्रज्ञ लोणारकडे चंद्राचा नमुना म्हणून बघतात.

चित्रपटात आर्मस्ट्राँग ज्या विवराच्या काठावर उभे राहतात, ते ‘लिटल वेस्ट’ फक्त ३० मीटरच्या आसपास रुंद. लोणारच्या काठावर मुलांना हे अंतर पावलांनी मोजायला लावा: साधारण ४० मोठी पावलं. पडद्यावर ते विवर अथांग वाटतं, ते काळ्या सावलीमुळे.

तिथे आर्मस्ट्राँग खरंच गेले होते. यानापासून ६० मीटर, कार्यक्रमात नसताना, लगबगीनं. त्यांनी आतल्या भागाचे फोटो घेतले, कारण भूशास्त्रज्ञांना ते हवे असणार हे त्यांना ठाऊक होतं. जाऊन-येऊन साधारण तीन मिनिटं. चित्रपटात त्याच जागी ते कॅरनचं ब्रेसलेट आत सोडतात. याला पुरावा नाही. त्यांनी मुलीचं काही सोबत नेलं असेल का, हा प्रश्न हॅन्सन विचारतात. नेलं असावं अशी आशा आर्मस्ट्राँग यांच्या बहिणीनं व्यक्त केली. पुस्तक तिथेच थांबतं. रकान्यात ‘खोटं’ लिहू नका, ‘पुराव्याशिवाय’ लिहा.

[दृश्य: मुलांनी भरलेला तक्ता.]

तक्त्याखाली चार-पाच ओळी मोकळ्या ठेवा, चित्रपटात मुळीच नसलेल्या गोष्टींसाठी. कोरियाच्या युद्धातली आर्मस्ट्राँग यांची ७८ लढाऊ उड्डाणं तिथे येतील. त्यातल्या एकात ताणलेल्या तारेनं पंखाचा तुकडा उडवला आणि २१ वर्षांच्या आर्मस्ट्राँगना बाहेर उडी टाकावी लागली. १९६४ ची आगही येईल. रात्री आर्मस्ट्राँग यांचं घर पेटलं, शेजारचे अंतराळवीर एड व्हाइट कुंपण ओलांडून धावून आले. पुढे जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ या यानाच्या आगीत गेलेल्या तिघांपैकी एक तेच. ही मैत्री चित्रपटात आहे, ती रात्र नाही.